रात्रीच्या डोंगरी शर्यतीला जिद्दीआधी बॅटरी लागते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की सिंहगड-राजगड-तोरणा पट्ट्यात रात्रभर चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या डोंगरी शर्यतींचे वेध लागतात. आपल्या पुरवणीतही त्यावर पानभर मजकूर आला. छायाचित्रे झकास होती. मजकुरात मात्र जिद्द, वेड आणि मनाची ताकद यांचाच गजर होता. टॉर्च, मीठ आणि मोजे यांना एक ओळही मिळाली नाही. अशा शर्यतींत धावणारे आणि एड स्टेशनवर रात्र जागून पाणी-खाणे देणारे आम्ही काही वाचक आहोत. कौतुकात मिठाचा खडा टाकण्याचा हेतू नाही. पण यंदा पहिल्यांदाच ५० किंवा १०० किलोमीटरला नाव घातलेल्या माणसाला ‘मन खंबीर ठेवा’ एवढेच सांगून रात्रीच्या डोंगरात पाठवणे बरे नव्हे. शर्यत अर्ध्यावर सोडणाऱ्यांचे पाय पुष्कळदा शाबूत असतात. पोट, तळवे, उजेड किंवा ऊब यांपैकी एकाने दगा दिलेला असतो, आणि या चारांचीही तजवीज घरातून निघण्याआधीच करावी लागते.

गफलत अंतरापासूनच सुरू होते. रस्त्यावर साडेचार तासांत मॅरेथॉन संपवणारा त्रैराशिक मांडतो आणि १०० किलोमीटरला अकरा-बारा तास धरतो. डोंगराला त्रैराशिक कळत नाही. ट्रेल शर्यतींत जगभर वापरला जाणारा ठोकताळा असा, की दर १०० मीटर चढामागे अंतरात एक किलोमीटर वाढवायचा. आतकरवाडीतून सिंहगडावर जाणारी वाट जेमतेम तीन किलोमीटरची, पण चढ साडेपाचशे-सहाशे मीटरच्या घरातला. हिशोबात ती आठ-नऊ किलोमीटर भरते. ५० किलोमीटरच्या मार्गात २५०० मीटर चढ असेल तर पायांना तो ७५ किलोमीटरचा पडतो. आणि या ठोकताळ्यात उतार धरलेला नाही, अंधारही नाही. घसाऱ्याच्या उतारावर, म्हणजे टणक मुरमावर सुटी खडी पसरलेली असते तिथे, दिवसा पळणारा माणूसही रात्री चालतो. आमच्या अंदाजाने त्याच वाटेला रात्री निदान पाचवा हिस्सा वेळ जास्त धरावा. थांबण्याचा वेळ तर कोणी धरतच नाही. आठ एड स्टेशनांवर दहा-दहा मिनिटे गेली तर ऐंशी मिनिटे झाली. कटऑफ, म्हणजे तिथवर पोहोचण्याची शेवटची मुदत, हुकणाऱ्या बऱ्याच जणांचा घात याच ऐंशी मिनिटांनी केलेला असतो.

म्हणून पोस्टकार्डाएवढ्या कागदावर तीन रकाने करावेत: एड स्टेशनचे नाव, तिथला कटऑफ, आपण पोहोचण्याची वेळ. कागदाला सेलोटेप मारून तो बिबच्या, म्हणजे छातीवरच्या नंबरपट्टीच्या, मागे लावावा. मोबाइलमध्ये ठेवलेले वेळापत्रक पहाटे तीन वाजता कोणी उघडत नाही. पहिल्या एक-तृतीयांश अंतरात आपल्या वेळेच्या अर्धा तास पुढे असाल तर ती कमाई समजू नका. ते कर्ज आहे आणि त्याची वसुली सत्तराव्या किलोमीटरला होते. चढावर पहिल्यापासून चालावे. बोलताना वाक्य तुटू लागले की वेग जास्त झाला, एवढी एकच खूण पुरे. त्याला घड्याळ लागत नाही.

उजेडाबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण सगळ्यांत जास्त भोळेपणा इथे दिसतो. डिसेंबरच्या मध्याला आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. संधिप्रकाश सोडला तरी बारा तासांचा काळोख उरतो. हेडटॉर्चच्या खोक्यावर ‘४०० ल्युमेन’ आणि ‘४० तास’ हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापलेले असतात, पण ते एकाच वेळचे नसतात. ४०० ल्युमेन सर्वांत प्रखर उजेडाचे आणि ४० तास सर्वांत मंद. प्रखर उजेडावर तोच टॉर्च दोन-तीन तासांत मान टाकतो, शिवाय थंडीत बॅटरी लवकर उतरते. घरी संध्याकाळी मधल्या उजेडावर तो लावून ठेवा आणि किती तासांत विझतो ते लिहून ठेवा. त्या आकड्यावर जादा बॅटरीचा हिशोब करायचा. चढाला शंभर-दीडशे ल्युमेन रग्गड होतात. उतारावर अडीचशे-तीनशे हवेत. चढावर उजेड कमी करण्याची सवय लावली तरी एक बॅटरी वाचते. जादा बॅटरी सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात नको, अंगालगतच्या खिशात ठेवावी. ती बदलण्याचा सराव डोळे मिटून करावा, कारण टॉर्च विझल्यावर बॅटरी बदलायला उजेड नसतो. त्यासाठीच दुसरा, लहान का होईना, टॉर्च सक्तीचा हवा.

कपाळावरच्या उजेडाचा आणखी एक दोष असतो. उजेड आणि डोळे जवळपास एकाच रेषेत असल्याने दगडाची सावली दगडामागेच लपते. सगळी वाट सपाट दिसते आणि चार बोटे उंचीचा दगडही नजरेतून सुटतो. दुसरा टॉर्च कमरेला बांधला किंवा हातात खाली धरला की सावल्या लांबट पडतात आणि खाचखळगे उठून दिसतात. पहाटे नदीकाठच्या धुक्यातही हाच उपाय. कपाळावरचा प्रखर झोत धुक्यावर आदळून डोळ्यांत परततो, तिथे तो मंद करून हातातला वापरावा. आणि पंचांग बघा. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा तेव्हा उगवतो. उत्तररात्री डोंगराच्या धारेवर चांदणे असणार की ठार अंधार, ते तिथीवरून महिनाभर आधी समजते. चांदणे असले म्हणून टॉर्च बंद करून पळायचे मात्र नाही. कारवीच्या रानात चंद्र कामाचा नाही.

आता खाणे. ताशी ६० ग्रॅम कर्बोदके हे नेहमीचे माप. संथ गतीला ४०-५० ग्रॅमवरही भागते, पण तीसच्या खाली सलग चार तास राहिलात तर पहाटे चढावर पाय उचलणार नाहीत. एका जेलमध्ये, म्हणजे पाकिटातल्या दाट गोड पाकात, २० ते २५ ग्रॅम असतात. मध्यम केळ्यात २५, एका खजुरात ६, मध्यम उकडलेल्या बटाट्यात ३०, वाटीभर मऊ भातात ४० च्या आसपास. म्हणजे एक जेल, एक केळे आणि दोन खजूर झाले की तासाचा कोटा भरला. हे सगळे एकदम गिळायचे नाही. दर वीस मिनिटांनी घास, घड्याळात गजर लावून. भूक लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो, कारण मध्यरात्रीनंतर भूक मरते. नऊ-दहा तास गोड खाल्ल्यावर जेलचा वाससुद्धा नकोसा होतो, हे गृहीत धरून उत्तररात्रीसाठी खारट काही ठेवावे: मीठ लावलेला बटाटा, ताकभात, मुगाच्या डाळीची पातळ खिचडी. वडापाव आणि मिसळ शेवटच्या रेषेनंतर. तेलकट पदार्थ पोटात तासन् तास बसून राहतो आणि शेंगदाण्याची चिक्कीसुद्धा, गुळामुळे सोयीची वाटली तरी, चढाआधी जडच जाते.

पोट का बिघडते? चढावर रक्त पायांकडे वळते आणि आतड्यांना कमी पडते. त्यात जेल पाण्याशिवाय घेतले तर पोटात दाट पाक तयार होतो आणि तो पुढे सरकत नाही. मग मळमळ, मग उलटी, मग खाणे बंद, मग थंडी. ही साखळी पहिल्याच कडीला तोडायची. मळमळ जाणवली की वीस मिनिटे निव्वळ चालावे, गोड थांबवावे, कोमट पाण्याचे किंवा सूपचे दोन-दोन घोट घ्यावेत, आल्याचा तुकडा चघळावा. उलटी झाली म्हणजे शर्यत संपली असे नाही. पंधरा-वीस मिनिटांनी दोन चमचे भात राहिला तर गाडी पुन्हा रुळावर येते. तासाभरात पाण्याचा घोटही राहत नसेल तर मात्र डॉक्टरांसमोर बसावे.

ओआरएसबद्दल दोन गैरसमज आहेत. घरगुती अंदाजाने लोक लिटरभर पाण्याची अख्खी पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत रिकामी करतात. ते पाणी इतके दाट होते की तहानही भागत नाही आणि पोटही ढवळते. दुसरा गैरसमज, ओआरएस घेतोय म्हणजे ताकद मिळतेय. प्रमाणित ओआरएसच्या एका लिटरात साखर फक्त साडेतेरा ग्रॅम असते, म्हणजे दोन खजुरांएवढी. सोडियम मात्र पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. ते क्षार आहेत, जेवण नव्हे. पाण्याचे प्रमाण रात्री ताशी पाव ते अर्धा लिटर, तहानेप्रमाणे. दुपारच्या उन्हात ते वाढते. उगाच ढोसलेले पाणी न पिण्याइतकेच वाईट. बोटे सुजून अंगठी रुतायला लागली, डोके ठणकते आहे, बोलण्यात असंबद्धपणा आला, तर रक्तातले सोडियम उतरल्याची शंका घ्यावी आणि आणखी साधे पाणी पाजू नये. भोवतालची मंडळी प्रेमाने नेमके तेच करतात.

वेदनाशामक गोळ्यांबाबत आम्ही अजिबात तडजोड करणार नाही. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या जातीच्या गोळ्या शर्यतीत घेऊ नयेत. अंगातले पाणी कमी झालेले असते, स्नायू तुटून त्यांचा गाळ मूत्रपिंडाकडे येत असतो आणि त्याच वेळी ही गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी आवळते. दुकानात सहज मिळणाऱ्या ‘अंगदुखीच्या’ मिश्र गोळ्यांतही बहुधा यांपैकी एक असते. पाकिटामागचे बारीक अक्षर वाचावे. लघवी कोऱ्या चहासारखी झाली किंवा आठ-दहा तास झालीच नाही, तर अंतिम रेषा दोन किलोमीटरवर असली तरी थांबावे.

पावलांकडे लोक जोडा विकत घेताना पाहतात आणि मग विसरतात. डिसेंबरात चिखल नसतो, पण सह्याद्रीत कुसळी गवत वाळलेले असते. कुसळे मोज्यातून आत शिरतात, वीस किलोमीटर टोचत राहतात आणि त्या जागी फोड येतो. घोट्याभोवती कापडी गेटर बांधले की खडे आणि कुसळे दोन्ही थांबतात. शिंप्याकडून स्ट्रेचेबल कापडाचे शिवून घेतले तरी चालतात. जोडा नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठा, कारण रात्रभरात पाऊल सुजते आणि उतारावर बोटे पुढे आपटतात. नखे चार दिवस आधी सरळ कापावीत, आदल्या रात्री नव्हे. बोटांच्या बेचक्यांत, टाचेला आणि जांघेत व्हॅसलीन. ओढा ओलांडताना मोजे भिजले तर पुढच्या एड स्टेशनवर पाय पुसून कोरडे मोजे घालावेत; तिथे गेलेल्या सात मिनिटांच्या बदल्यात पुढे तासभर वाचतो. एखादी जागा नुसती गरम झाल्यासारखी वाटली की त्याच क्षणी टेप लावायची. फोड फुगल्यावर लावलेली टेप घामाने सुटते आणि जाताना कातडे घेऊन जाते.

थंडीला आपल्याकडे फारसे कोणी मोजत नाही. ‘पुण्याची थंडी ती काय’ असे म्हणणाऱ्याने पहाटे पाचला नदीकाठच्या गावात घामाने भिजलेल्या टी-शर्टवर पाच मिनिटे बसून पाहावे. शांत रात्री थंड हवा खाली ओघळते आणि खोऱ्यात साचते; म्हणून कधी-कधी गडमाथ्यापेक्षा पायथ्याच्या गावात पारा खाली असतो. वर धारेवर मात्र वारा असतो. पळत असताना शरीर ऊब तयार करते, थांबले की पाच-दहा मिनिटांत ती उडून जाते. सुती बनियन घरी ठेवा. एक कोरडा, बिनसुती शर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जवळ बाळगावा आणि धारेवर चढण्याआधी, आडोशाला बदलावा; वर पोहोचून वाऱ्यात कपडे काढायचे नाहीत. वारा अडवणारे हलके जॅकेट अंगाशी हवे, ड्रॉप बॅगेत, म्हणजे पुढच्या एड स्टेशनवर आधीच पाठवलेल्या पिशवीत, नव्हे. (अगदीच वेळ आली तर जुन्या सायकलपटूंची युक्ती आहे: घाट उतरताना ते छातीशी वर्तमानपत्र घालत. आपला अंक त्याही कामाला येतो.) एड स्टेशनवरच्या शेकोटीपाशी खुर्ची टाकून बसू नये. बसलेला धावपटू उठतो तेव्हा पाय लाकूड झालेले असतात, आणि पुष्कळ जण उठतच नाहीत.

हे सारे अतिशयोक्त वाटत असेल तर चीनमधली घटना आठवावी. २२ मे २०२१ रोजी कान्सू प्रांतात पीत नदीच्या काठच्या डोंगरात १०० किलोमीटरची शर्यत होती. १७२ स्पर्धक निघाले. दुपारी हवा फिरली. गारा, पाऊस आणि सोसाट्याचा वारा. सुरुवातीला ऊन होते म्हणून बहुतेक जण हाफ पँट आणि टी-शर्टवर होते आणि वारारोधक जॅकेट सक्तीच्या यादीत नव्हते. ज्या चढावर वाऱ्याने गाठले तिथे वाहन पोहोचू शकत नव्हते. २१ जण गारठून मेले. त्यात चीनमधले नामांकित अल्ट्रा धावपटू होते. जिद्दीत त्यांचा हात कोणी धरू शकला नसता. एका मेंढपाळाने सहा जणांना आपल्या गुहेत नेऊन वाचवले. आपल्या डोंगरात हवामान इतके टोकाचे नसते, मान्य. पण डिसेंबरात अवकाळी पाऊस येतो, दहा-बारा अंश तापमान, भिजलेले कपडे आणि रिकामे पोट एवढ्यावरही माणूस गारठतो. सुरुवातीची खूण म्हणजे बोटांना जॅकेटची चेन लावता येत नाही. नंतर बोबडी वळते, पाय अडखळतात. सर्वांत वाईट खूण म्हणजे कुडकुडणे थांबते आणि माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणतो. स्वयंसेवकांनी येणाऱ्याला ‘कसे आहात’ असे विचारू नये, त्याचे उत्तर ‘मस्त’ असेच येते. चेन लावून दाखवा म्हणावे, पुढचे एड स्टेशन किती किलोमीटरवर आहे ते विचारावे.

झोपेबद्दल थोडक्यात. पहाटे दोन ते पाच हा शरीराचा सर्वांत मंद काळ. झुडपे माणसांसारखी दिसतात, दगडावर कोणी बसल्याचा भास होतो. हे अनेकांना होते, घाबरण्याचे कारण नाही. आधीच्या आठवड्यात रोज तासभर जास्त झोप घ्यावी. चहा-कॉफी आदल्या दुपारपासून आखडती घेऊन मध्यरात्रीनंतरच सुरू करावी, म्हणजे तिचा उपयोग होतो; संध्याकाळी सुटण्याआधी दोन कप ढोसलेल्याला तीन वाजता तिसऱ्याचा गुण येत नाही. पाय फरफटू लागले तर एड स्टेशनवर कोरडा शर्ट घालून, पांघरूण घेऊन, बिब नंबर सांगून पंधरा मिनिटांची डुलकी काढावी, स्वयंसेवकाला उठवायला सांगून. धारेवर, वाटेच्या कडेला नाही.

वाट चुकणे हा रात्रीचा खास प्रकार. आयोजक परावर्तक पट्ट्या बांधतात, पण गुरे रिबिनी चघळतात आणि टवाळ पोरे सोडतात. शिवाय टॉर्चमध्ये सगळेच चमकते. माळावर दोन-दोन ठिपके जोडीने हलताना दिसले तर ती गुरे; गवतात जमिनीलगत हिरवट बारीक ठिपके दिसले तर ते कोळ्यांचे डोळे. खुणेची पट्टी एकटी आणि स्थिर असते. पाच-सात मिनिटांत एकही पट्टी दिसली नाही तर पुढे ‘बघू’ म्हणून जाऊ नये, शेवटच्या पट्टीपर्यंत परत यावे. सह्याद्रीत ढोरवाटा मूळ वाटेपेक्षा ठळक असतात आणि पुष्कळदा कातळकड्याच्या टोकाशी संपतात. मार्गाची जीपीएक्स फाइल (वाटेची डिजिटल आखणी) मोबाइलमध्ये ऑफलाइन नकाशासह आधीच घालून ठेवावी आणि मोबाइल फ्लाइट मोडवर ठेवावा. दरीत रेंज शोधता-शोधता त्याची बॅटरी रात्री बारालाच संपते. वाड्यांतून जाताना कुत्री धावून आली तर पळायचे नाही, चालायचे. कड्यावर आग्यामोहळ असेल तर त्यावर झोत मारायचा नाही. साप चावलाच तर घट्ट दोरी बांधणे, चिरा देणे बंद. तो पाय कमीत कमी हलवून, फोन करून, प्रतिविष असलेल्या रुग्णालयात. ‘१०८’ची रुग्णवाहिका डांबरी रस्त्यापर्यंतच येते हे लक्षात असू द्यावे. धारेवरून स्ट्रेचरने एक माणूस खाली आणायला सहा-आठ जण आणि काही तास लागतात.

उरलेल्या आठवड्यांत काय करावे, असे विचारले जाते. किलोमीटर वाढवत बसण्यापेक्षा उतार करावेत. मांड्यांची वाट चढाने लागत नाही, उताराने लागते. स्नायू ताणला जात असताना भार घेतो आणि त्याचे तंतू तुटतात. आठवड्यातून एकदा सिंहगड दोन वेळा चढून-उतरून, त्यातली एक फेरी अंधारात, पूर्ण सामान पाठीवर घेऊन, शर्यतीतलेच खाणे खाऊन. शेवटची मोठी फेरी तीन आठवडे आधी. त्यानंतर अंतर निम्म्यावर. पोल, म्हणजे चालण्याच्या काठ्या, वापरणार असाल तर त्यांचाही सराव हवा, नाहीतर उतारावर ते पायांतच अडकतात. शर्यतीच्या दिवशी नवीन काहीही नको, मोजेसुद्धा.

आयोजकांकडून आमची अपेक्षा एकच, पण ठाम: सामानाची तपासणी सुटण्याआधी आणि रात्र सुरू होताना पुन्हा, खरोखर पिशवी उघडून. आल्प्समधल्या शामोनीहून शुक्रवारी संध्याकाळी सुटणाऱ्या, सुमारे १७० किलोमीटर आणि १०,००० मीटर चढाच्या यूटीएमबी या शर्यतीत हुडवाले जॅकेट, टॉर्चच्या जादा बॅटऱ्या, चंदेरी ब्लँकेट, शिटी, पाण्याचा आणि खाण्याचा राखीव साठा सक्तीचा असतो आणि वाटेत केव्हाही तपासतात. कमी निघाले की शिक्षा होते. आपल्याकडे यादी छापतात आणि टेबलावर ‘आहे ना?’ एवढे विचारून बिब देतात. डॉक्टरांनी थांबवलेल्या धावपटूची पुढाऱ्याच्या ओळखीने वा सोशल मीडियावरच्या वजनाने सुटका होता कामा नये. कटऑफ दहा मिनिटांनी ‘समजून घ्या’ म्हणून ढिला करणे ही माया नव्हे. त्या माणसामागे स्वीपर (सर्वांत शेवटी चालणारे स्वयंसेवक), रुग्णवाहिका आणि अर्धा गाव जागत असतो. आणि धावपटूंनी जेलची रिकामी पाकिटे वाटेवर न टाकता खिशात ठेवावीत. राजगड जुलै २०२५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. नसता तरी पाकिटे खिशातच जायला हवीत.

शर्यत सोडणाऱ्यांसाठी एक कळकळीची विनंती. सोडताना जवळच्या एड स्टेशनवर बिब काढून द्या, सही करा. वाटेत भेटलेल्या टेम्पोत बसून गुपचूप घरी निघून जाणारे दर वर्षी एक-दोन असतातच. इकडे ते गादीवर झोपलेले असतात आणि तिकडे पहाटेच्या थंडीत शोधपथक त्यांचा नंबर पुकारत दरीत उतरलेले असते.

घरच्या माणसांना शेवटच्या रेषेवर हार-गुच्छ आणायची गरज नाही. कोरडे कपडे, उघडी चप्पल (जोड्यात पाय परत जात नाही), गोधडी, गरम वरण-भात आणि मुख्य म्हणजे गाडी चालवायला दुसरा माणूस आणावा. रात्रभर जागलेल्या, साखर उतरलेल्या माणसाला तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याहून पुण्यापर्यंत स्टेअरिंगवर बसू देऊ नये. कोणी न्यायला येणार नसेल तर दुपारपर्यंत तिथेच झोपावे आणि मग एसटीने परतावे.

आपले,
रात्रीच्या डोंगरी शर्यतींतले काही धावपटू आणि स्वयंसेवक, पुणे